चिंचोक्यांच्या बाई

बाई कुणाच्याही घरी गेल्या की घरातल्या सगळ्यात लहान माणसाला आधी नमस्कार करायच्या. अगदी हात जोडून. पाटलांच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा पाटील, पाटलीणबाई, दोन्ही सुना, सगळे दारात उभे होते. बाई त्या सगळ्यांना वळसा घालून थेट पाळण्यापाशी गेल्या आणि तीन महिन्यांच्या पोराला म्हणाल्या, "नमस्कार. मी मिरजेहून आले. आता इथंच राहणार आहे." मग चष्मा सारखा करून पाटलांकडे वळल्या. पाटील पुढं कितीतरी दिवस चावडीवर सांगत होते, "बाईचं डोस्कं फिरल्यालं हाय, पर चांगल्या अंगाला फिरलंय."

लढाईची वर्षं होती ती. आमचं गाव पलूसपासून दीड कोसावर. घरटी एक तरी गडी पलटणीत गेलेला, आणि मागं बायका ऊस, जनावरं आणि पोरं सांभाळत होत्या. बाईंनी मिरजेच्या एका दवाखान्यात मुलांच्या खोलीत वीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. मग ती नोकरी सोडून आमच्यासारख्या आडगावात का आल्या, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "तिथं आम्ही मुलं बरी करून घरी धाडायचो, आणि तीच मुलं चार महिन्यांनी परत यायची. म्हटलं, एकदा घरीच जाऊन बघावं काय होतंय ते."

उंच, वाळक्या, पन्नाशीच्या. चष्म्याची एक दांडी सुतळीनं बांधलेली. पायात पुरुषी पायताण, करकर वाजणारं, त्यामुळं बाई गल्लीत शिरल्या की आम्हा बायकांना आधीच कळायचं आणि जी ती आपापलं रडकं पोर गप्प करायला धावायची. हातात बारा महिने काळी छत्री. कमरेला एक पिशवी, आणि तिच्यात चिंचोके.

या चिंचोक्यांनी गावाची झोप उडवली होती. बाई सकाळच्या रगाड्यात एखाद्या घरी यायच्या, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसायच्या आणि म्हणायच्या, "तुमचं चालू द्या." मग आई पोराला जे जे बोलेल त्याचा एक एक चिंचोका. ऊठ, बस, गिळ, हात लावू नगंस, मर तिकडं, असं काही म्हटलं की चिंचोका डाव्या बाजूला. हुकूम सोडून दुसरं काही बोललं की उजव्या. तासाभरानं उठायच्या, दोन्ही ढीग तसेच ठेवायच्या आणि चकार शब्द न बोलता निघून जायच्या. एका बाईनं तर वाटेत हात जोडून त्यांना अडवलं होतं. "बाई, आज चिंचोकं नगा आनू. सासूबाई घरात हाईत."

माझ्या घरी आल्या तेव्हा मी अगदी निर्धास्त होते. मी मराठी सातवी पास. गावातल्या बायकांची पलटणीतून आलेली पत्रं मी वाचून दाखवायची. माझा एकुलता एक सदू, तेव्हा दोन वर्षांचा, त्याच्याशी मी दिवसभर बोलते असं मला वाटायचं. बाई गेल्यावर बघितलं, तर डाव्या बाजूला ओंजळभर चिंचोके आणि उजव्या बाजूला एक. तो एक कशाचा होता ते मला आजतागायत आठवलेलं नाही. मला इतका राग आला की सगळे चिंचोके मी चुलीत घातले. दुसऱ्या दिवशी बाई नवे घेऊन हजर. "जळतात छान," म्हणाल्या. "पण उजवीकडचा ठेवून घ्यायचा होतास गं."

त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

बाळंतिणीच्या खोलीत जाऊन बाई पाळण्याशेजारी सरळ जमिनीवर उताण्या निजायच्या आणि वर बघत राहायच्या. का, तर त्या पोराला दिवसभर काय दिसतं ते बघायला. "नुसता काळा वासा आणि कोळिष्टकं. मीसुद्धा रडले असते." मग पाळणा खिडकीशी हलवायला लावायच्या. लहान पोराशी बोलायचं तर खाली बसून, असा त्यांचा दंडक होता, आणि तो पाटलांनाही लागू होता. कुणी पोरावर ओरडायला लागलं की एकदम हात वर करून "साकू, साकू!" म्हणायच्या. बाईंचं माहेर जतकडचं, राग आला की त्यांची जीभ कानडीत शिरायची. पुरे, एवढाच त्याचा अर्थ. पण गावात तो शब्द असा रुळला की बैलगाडीवालेसुद्धा बैलाला मारणाऱ्याला "साकू रं गड्या" म्हणायला लागले.

त्या काळी रानात जाताना बायका तान्ह्या पोराला मोहरीएवढी अफू चाटवायच्या. वैरभावानं नव्हे, पोर दिवसभर बांधावर निजून राहायचं, आणि तण काढून भांगलण व्हायची. बाईंना हे कळलं तेव्हा मला वाटलं, आता गावाची खैर नाही. पण त्या एवढंच म्हणाल्या, "देऊ नका म्हणणं सोपं आहे. मग पोर सांभाळायचं कुणी, ते आधी सांगायला हवं." आठ दिवसांत देवळाच्या सभामंडपात सहा झोळ्या टांगल्या गेल्या. थोरल्या पोरांसाठी वाळू, डबे, मातीचे बैल. मदतनीस म्हणून मी. मला आधी वाटलं होतं, गाणी शिकवायची, पाढे घ्यायचे. बाई म्हणाल्या, "तू फक्त बघ. जे पोर खोडी काढील, त्याच्याजवळ जाऊन बस. पोटाची भूक पोर रडून सांगतं, माणसाची भूक खोड्या करून."

यावर गावानं काय बोलावं? "जिचा पाळणा हलला न्हाई ती आमाला पोरं वाडवाय शिकवती." हे बाईंच्या कानावर गेलं होतं. त्या मला म्हणाल्या, "खरंच आहे त्यांचं. म्हणून तर मला घरोघर जाऊन बघावं लागतं." आणि खरोखरच त्या शिकवण्यापेक्षा बघायच्याच जास्त. औंधला यमाईच्या यात्रेला दर वर्षी जायच्या, ते चुकलेली पोरं सापडतात कशी हे बघायला. देवीला नमस्कार निघता निघता. एकदा मला बरोबर नेलं. चुकलेलं पोर सापडलं की आई धावत येते आणि आधी त्याच्या पाठीत धपाटा घालते, मग पोटाशी धरते. बाई म्हणाल्या, "धपाटा आधी का, हे मला अजून कळलेलं नाही." मी म्हटलं, "बाई, त्यो पोराला नसतोय. आपल्याच भ्यालेल्या काळजाला असतोय." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी फार मोठं काही बोलून गेले. लगेच शाळेच्या जुन्या हजेरीवहीच्या पाठकोऱ्या पानावर ते टिपून ठेवलं. मला त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

आता मुलं कशी वाढवावीत यावर पुस्तकं निघतात, व्याख्यानं होतात, माझ्या नातसुना ती ऐकून मला शहाणपण शिकवतात. मी ऐकून घेते. त्यातलं निम्मं मी देवळाच्या सभामंडपात फाटक्या चटईवर शिकलेली आहे, हे सांगत बसत नाही.

बाईंचं सगळंच बरोबर असायचं असं मात्र नाही. मुलांशी जेवढ्या मऊ, तेवढ्याच मोठ्यांशी खरखरीत. एखाद्या गोष्टीवर मत बनलं की बनलं. आणि माझ्या घरात तर त्या चांगल्याच चुकल्या होत्या. तेच सांगायचंय.

लढाई संपली आणि माझे यजमान दोन महिन्यांच्या रजेवर आले. हवालदार होऊन आले. ते गेले तेव्हा सदू माझ्या पोटात होता. पोराला बाप ठाऊक असावा म्हणून मी त्यांचा वर्दीतला फोटो भिंतीवर लावला होता, आणि सदू रोज सकाळी त्या फोटोला 'दादा' म्हणत सलाम करायचा, त्याच्याशी गप्पा मारायचा, लाडवातला तुकडा त्याच्यासमोर धरायचा. मला वाटलं, आता खराखुरा बाप बघून पोर नाचेल. ते दारात उभे राहिले, दाढी वाढलेली, आवाज घोगरा, आणि सदू माझ्या पायांच्या मागं गेला. मी म्हटलं, "आरं, दादा आलं तुजं." तो म्हणाला, "ह्यो न्हवं. माजा दादा भितीवर हाय."

यजमान हसले. पहिल्या दिवशी हसले. मग रोज तेच व्हायला लागलं. ते घरात शिरले की सदू कणगीमागं. सगळं गाव त्यांना हवालदार म्हणायचं, तर सदूही म्हणायला लागला, "आये, हवालदार आलं." त्यांनी हाक मारली की ती परेडवरचीच हाक. "इकडं ये. सरळ हुबा ऱ्हा. नाव सांग." पोराची चड्डी ओली व्हायची. महिना उलटला आणि एके दिवशी त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली.

मी बाईंकडे गेले. बाई आल्या, सदूला नमस्कार केला आणि उंबऱ्याशी बसल्या. हवालदारांचा एकही चिंचोका उजवीकडे गेला नाही. निघताना त्यांनी यजमानांना रोखठोक सांगितलं, "पंधरा दिवस याला एकही हुकूम सोडायचा नाही. हाक मारायची नाही. त्याच्यापासून दोन हातांवर बसून आपलं काहीतरी काम करायचं. दोरी वळा, विळ्याला मूठ बसवा. तो आपसूक येईल." बरीच पोरं या उपायानं आलेली मी स्वतः बघितली होती.

यजमान माझ्यावर डाफरले, पण बसले. पलटणीतला माणूस, सांगितलेलं काम चोख करायचा. पंधरा दिवसांत घरात चार नवीन कासरे झाले, पण सदू काही आला नाही. उलट आता तो त्यांच्याकडे टक लावून बघायचा आणि त्यांनी मान वर केली की तोंड फिरवायचा. आधी नुसता भ्यायचा, आता रुसलेला दिसायला लागला.

मग यजमानांचा धीर सुटला. म्हणाले, "तू आन् त्या बाईनं मिळून पोरगं नासवलं. जाताना मी ह्याला संगं नेतो. साताऱ्याला थोरल्या भावाकडं ठिवतो. तितं लागंल शिस्त." थोरले दीर साताऱ्याला पोलिसात. त्यांच्या घरी पोरं जेवतानासुद्धा बोलत नसत. मी सासऱ्यांकडे बघितलं. सासरे, त्यांना सगळेच आबा म्हणत, दिवसभर ओसरीवर घोंगडं टाकून बसलेले असायचे आणि सदू त्यांच्या मांडीवर. सासूबाई कधीच्याच गेलेल्या. घरात आबांचा शब्द शेवटचा. पण आबा म्हणाले, "बापाचा हक्क हाय. मी मदी बोलनार न्हाई." रजेचे आठ दिवस उरले होते. माझं पोर आठ दिवसांनी माझ्या घरात नसणार होतं.

बाई परत आल्या. माझी अवस्था बघून त्या पहिल्यांदाच गोंधळलेल्या दिसल्या. त्या दिवशी माझी नणंद माहेरपणाला आलेली होती, तिची दोन वर्षांची भागी अंगणात दुडदुडत होती. यजमान बाहेरून आले, भागीला दोन्ही हातांनी उचललं, वर उडवलं, झेललं. भागी खिदळली. परत उडवलं. खांबाला धरून सदू ते बघत होता. बाईंनी सदूच्या तोंडाकडे बघितलं आणि बसल्या जागी ताठ झाल्या.

"हवालदार," त्या म्हणाल्या, "याला असं कधी उचललंत?"

यजमानांनी भागीला जमिनीवर ठेवलं आणि मान खाली घातली. "न्हाई."

"का?"

मला नवल वाटलं की बाईंना हे सांगावं लागतंय. मी हळूच म्हटलं, "बाई, आबा बसल्यात की वसरीवर."

"मग?"

"वडीलधाऱ्यांम्होरं आपलं पोर कसं उचलायचं? भैनीचं उचलत्यात. आपलं उचललं तर लाज न्हाई म्हंत्यात."

आमच्याकडं ही रीतच होती. आपल्या बापादेखत आपलं पोर मांडीवर घेणं, त्याचे लाड करणं म्हणजे बापाचा मान न राखणं. मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. आणि आबा तर दिवसभर ओसरी सोडत नव्हते. दोन महिन्यांत माझ्या नवऱ्यानं पोराला हात लावला होता तो एकदाच, थोबाडीत मारताना.

बाईंनी चष्मा काढला. "गावभर चिंचोके मोजत फिरले आणि हे मला दिसलं नाही," म्हणाल्या. "दोन हातांवर बसा म्हणून मीच सांगितलं. त्या पोराला वाटलं, हा माणूस सगळ्यांना घेतो, मला तेवढं घेत नाही. माझं चुकलं, हवालदार." एवढ्या वर्षांत मोठ्या माणसाची माफी मागताना मी त्यांना तेवढंच एकदा बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी म्हटलं, मग तुम्हीच सांगा आबांना. बाईंनी नकारार्थी मान हलवली. "मी सांगितलं तर म्हाताऱ्याचा मान जाईल. मान गेलेल्या माणसाकडून पोराला काय मिळणार?" आणि मग त्यांनी काय केलं, तर दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी येऊन ओसरीच्या टोकाला बसायला लागल्या. चिंचोक्यांची पिशवीसुद्धा आणली नाही. आबांशी पाऊसपाणी, ऊस, लढाई. तिसऱ्या दिवशी मी आत भाकरी थापत होते आणि बाईंचा आवाज आला, "आबा, हवालदार लहानपणी कसे होते हो?"

मी थापता थापता थांबले.

"मला काय ठावं?" आबा म्हणाले. "माजा बा हुता की हितंच, ह्याच वसरीवर. मी ह्या पोराला ल्हान असा कवा बघितलाच न्हाई. त्यो एकदम नांगर धरण्याएवढाच दिसला मला."

मला वाटलं, आता बाई बोलतील. पण त्यांनी छत्री उचलली, आबांना नमस्कार केला आणि करकर वाजवत निघून गेल्या. मला त्यांचा असा राग आला म्हणता! एवढी वाट मोकळी झाली होती, अजून एक वाक्य बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं? दुसऱ्या दिवशी त्या आल्याच नाहीत. तिसऱ्याही नाही.

जायचा दिवस उजाडला. गाडी जुंपली. मी सदूचे कपडे आणि त्याच्या आवडीच्या शेंगदाण्याच्या पोळ्या गठुड्यात बांधल्या, आणि ते गठुडं गाडीत ठेवलं. बाईंना बोलावणं धाडलं, तर निरोप आला, "आज आबांचा दिवस आहे, मी कशाला?" मला त्याचा अर्थ कळला नाही. शेजारीपाजारी जमले होते. यजमान वर्दी घालून आले, आबांच्या पाया पडले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सदू, चल. गाडीत बस." सदूनं माझं लुगडं दोन्ही मुठींत धरलं.

आबा उठले. गुडघ्यावर हात देत उभे राहिले, आणि सगळ्यांसमोर वळून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"आबा?" यजमान म्हणाले.

"मी पाठ केलीया," आबा भिंतीला म्हणाले. "मला काय दिसत न्हाई. घे त्याला."

"आबा, आवं..."

"घे म्हंतोय न्हवं!"

माझ्या नवऱ्यानं इकडंतिकडं बघितलं. मग टोपी काढून माझ्या हातात दिली, सदूपाशी आले आणि खाली बसले. वर्दीतला माणूस मातीत गुडघे टेकून. हाक मारली नाही की काही नाही, फक्त हात पुढं केले. सदूनं त्या हातांकडे बघितलं, मग अंगणातल्या भागीकडे बघितलं. "मला बी वर उडीवनार?" त्यानं विचारलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. माझ्या लुगड्यावरची एक मूठ सुटली, मग दुसरी.

त्यांनी त्याला उडवलंच नाही. छातीशी असं धरलं की पोराच्या गालावर वर्दीच्या बटणाचा ठसा उठला, आणि चार वर्षांत एकदाही बापाच्या कडेवर न बसलेलं माझं पोर रोजचंच असल्यासारखं त्यांच्या मानेत हात टाकून बसलं. आयाबाया पदर डोळ्यांना लावत होत्या. मी तर उघडच रडत होते. जरा वेळानं यजमान माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याचं गठुडं खाली काढ. ऱ्हाऊ दे त्याला हितंच."

भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या आबांची पाठ हलत होती.

"कडंला हाय का रं अजून?" त्यांनी विचारलं.

"हाय, आबा."

"मग खाली ठिवू नगंस. माजं पोर आन् त्याचं पोर, मला बी जरा बगू दे की," आबा म्हणाले आणि वळले.